मेसेंजर सर्व्हिस

केवलराम पटले सर शिकवत असले की त्यांचा आवाज शाळेसमोरच्या पानठेल्यापर्यंत जायचा. आठवी ते दहावी मी त्यांच्याकडेच विज्ञान शिकले. पुढे गोंदियाला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि २००६ साली देवरीला त्याच शाळेत शिकवायला लागले. लागले म्हणजे कंत्राटावर. शाळेला ज्या कंपनीनं दहा कॉम्प्युटर पुरवले होते, तिची मी माणूस. दर जूनमध्ये कंत्राट नवं व्हायचं. हजेरीपटावर माझं नाव शिक्षकांच्या खाली, एक ओळ रिकामी सोडून लिहायचे.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "रविता, आता तू मॅडम. मी तुह्या क्लासात मागच्या बेंचावर बसतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण आपला तास नसला की ते खरंच येऊन बसायचे. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. नागपूरहून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याजवळ असायचं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. मी गोंदियात उतरवून घेतलेल्या नोट्स फळ्यावर लिहायची, मुलं त्या वहीत उतरवायची. तिसऱ्या दिवशी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"पोरायले समजलं काय?"

"लिहून घेतलं सर सगळ्यांनी."

"लिवलं तं. समजलं काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला, पण फळ्याला हात लावला नाही. एका मशीनची मागची बाजू उघडून हार्ड डिस्कची केबल काढली आणि मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली. ऑपरेटिंग सिस्टम सापडत नाही, अशा अर्थाची.

"पाहा," सर म्हणाले. "पंखा फिरून राहिला. लाईट लागला. करंट आहे. पण कीबोर्ड दाबला तं कोनी ओ देत नाही. फाईल माग, देत नाही. छाप म्हन, छापत नाही. मंग आता हिच्यात काय नाही?"

चाळीस मुलं एकदम ओरडली, "ऑपरेटिंग सिस्टम!"

"मंग ते असली म्हंजे काय करते, आता तुम्ही सांगा मले."

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. शब्द सर शिकवणार, हात मी चालवून घेणार. त्यांची एक अट होती, वस्तू आधी दाखवायची आणि नाव नंतर सांगायचं. आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनचा वेगळा आकडा, शिकवायचा होता तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या छातीवर आकडा लावला आणि मुद्दाम दोन मुलींना एकच आकडा दिला. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात झाली तशी त्या दोघी एका चिठ्ठीवरून भांडायला लागल्या, आणि चिठ्ठी फाटली. सर शांतपणे म्हणाले, "याले म्हन्तेत आयपी कॉन्फ्लिक्ट." ज्यांनी ते भांडण पाहिलं ती मुलं तो शब्द विसरली नसतील.

दहा मशीनचं नेटवर्कही त्यांनीच उभं केलं. कंपनीनं मशीन दिली होती, सगळी मशीन एकत्र जोडायचा एक स्विच आणि केबलचा गुंडाळा दिला होता. जोडून द्यायला मात्र कोणी आलं नाही. सरांनी नागपूरहून केबलला टोकं बसवायचा क्रिम्पिंगचा पान्हा आणला. नववीच्या मुली नखानं केबल सोलून आठ तारा रंगाच्या क्रमानं लावायच्या, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, आणि तो क्रम मोठ्यानं म्हणायच्या. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला नाव लागतं. मुलांनी जंगलातल्या झाडांची नावं दिली. मोह, तेंदू, पळस, ऐन, धावडा, सालई. सरांचं मशीन बिबा. बिबा का, विचारलं तर मुलं म्हणाली, "सर लागतेत म्हनून." बिब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात. सर खूप हसले होते.

*

२००७च्या पावसाळ्यात सरांचा आवाज बसला. खडूच्या धुळीनं बसला, असं ते म्हणायचे. गोमतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काढे केले, हळद-दूध दिलं. दिवाळी आली तरी आवाज फाटकाच होता. सर खर्रा खायचे, तंबाखू-सुपारी घोटलेला. दिवसाला चार-पाच पुड्या. शाळेत नाही, पण शाळा सुटली की ठेल्यावर उभे असायचे. मुलगी हर्षिता तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती सुट्टीत आली, टॉर्च लावून तिनं बापाचा घसा पाहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या बसमध्ये त्यांना बसवलं.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. बराच पसरला होता. डॉक्टरांनी सगळं स्वरयंत्र काढून टाकलं.

फेब्रुवारीत सर शाळेत परत आले. अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा वाटत होता. गळ्याच्या खाली भोक पाडलं होतं आणि त्यावर काकूंनी शिवलेला पांढरा रुमाल. श्वास त्या भोकातून यायचा-जायचा, जवळ उभं राहिलं की त्याची बारीक शीळ ऐकू यायची. सगळे शिक्षक त्यांना भेटायला उभे राहिले. सरांनी खिशातून छोटी पाटी काढली आणि लिहिलं, "माझा तास कितवा?"

हेडसर ईश्वरदासजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना आपल्या खोलीत बसवलं, मलाही बोलावलं. म्हणाले, "पटले सर, तीन वर्षं राहिली तुमची. मेडिकल रजा घ्या, मी सही करतो. आवाजाशिवाय क्लास कसा घ्याल? पालक विचारून राहिले."

सरांनी लिहिलं, "एक महिना द्या."

तो महिना फार वाईट गेला. फळ्यावर लिहायचं तर मुलांकडे पाठ करावी लागायची, आणि पाठ केली की मागे गलका सुरू. गप्प करायला आवाज नाही. टेबलावर डस्टर आपटायचे, तेवढ्यापुरती शांतता व्हायची. आठवीतली लहान मुलं त्या रुमालाला भीत होती, पहिल्या बाकावर कोणी बसायचं नाही. एकदा खोकला आला आणि रुमाल हलला, तर एक मुलगी रडायला लागली. सर वर्गातून बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिले. खांदे हलत होते, पण आवाज काहीच नव्हता. मी लांबूनच पाहिलं आणि लॅबमध्ये परत गेले.

मार्चमधली गोष्ट. मी लॅबमध्ये पळस नावाच्या मशीनवर गुणपत्रिका टाईप करत होते. सर कोपऱ्यात त्यांच्या बिब्यावर बसले होते. अचानक 'टिंग' झालं आणि माझ्या पडद्याच्या मधोमध एक छोटी राखाडी चौकट उघडली. वर इंग्रजीत लिहिलेलं, बिबाकडून पळसला संदेश. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी. "रविता आवाज ऐकू येऊन राहिला का."

मी वळून पाहिलं. ते हसत होते.

विंडोजमध्ये मेसेंजर सर्व्हिस नावाची एक सोय होती. एका मशीनवरून आज्ञा टाईप केली की दुसऱ्या मशीनवर, तिथं काहीही चालू असलं तरी, चौकट उघडून मजकूर दिसायचा. आमच्या मशीनमध्ये ती बंद ठेवलेली होती. सरांनी त्यांच्या इंग्रजी पुस्तकातून शोधून काढलं होतं. मग तीन दिवस दुपारच्या सुट्टीत एकेका मशीनवर जाऊन त्यांनी ती सर्व्हिस सुरू केली होती. मी समजत होते, ते व्हायरस शोधताहेत.

दुसऱ्या सोमवारी नववी ब लॅबमध्ये आली. एका मशीनवर चार-पाच जण. सर बिब्यावर बसले, मुलांकडे तोंड करून. त्यांनी टाईप केलं, आणि दहाही मशीनवर एकदम टिंग झालं.

"बसा. कोणी बोलू नका. मी बोलून राहिलो."

अशी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मग आचल नावाची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडायची नाही, पुढची ओळ मोठ्यानं वाचायला लागली. तिच्यामागे सगळे. सर एक ओळ पाठवायचे, वर्ग वाचायचा, सर मान हलवायचे किंवा बोट उगारून एखाद्याला उभं करायचे. तो बोलायचा, सर उत्तर टाईप करायचे. चौकट बंद केल्याशिवाय पुढची दिसायची नाही, म्हणून प्रत्येक ओळ वाचूनच घ्यावी लागायची. त्या दिवशी त्यांनी 'सर्व्हिस' हा शब्द शिकवला. "काही प्रोग्राम पडद्यावर दिसतेत. काही दिसत नाही, मागं चालून राहतेत. त्यायले सर्व्हिस म्हनाचं. हे जे तुम्ही वाचून राहिले ते एका सर्व्हिसनं आलं." कोणीतरी विचारलं, "सर, ते बंद पडली तं?" सरांनी टाईप केलं, "तं मी मुका."

मुलं हसली. सरही हसले.

हेडसरांनी एक महिन्यानंतर काही विचारलं नाही. ते दारात येऊन उभे राहायचे, वाचणारा वर्ग पाहायचे आणि जायचे.

अडचण एकच होती, लोडशेडिंग. तेव्हा वीज कधी जाईल त्याचा नेम नसायचा. वीज गेली की यूपीएस सात मिनिटं चालायचा. त्या सात मिनिटांत सर जेवढं होईल तेवढं टाईप करायचे, चुका झाल्या तरी थांबायचे नाहीत. मग पडदे एकेक करून विझायचे आणि वाक्य अर्धंच राहायचं. मुलं तशीच बसून राहायची. सर हात मांडीवर ठेवून वीज यायची वाट पाहायचे. वीज आली की मशीन चालू होऊन सुरुवात त्या अर्ध्या वाक्यापासून.

असं सव्वा वर्ष चाललं. ते सव्वा वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. माझं लग्न आठ महिन्यांत मोडलं होतं आणि मी माहेरी परत आले होते, हे सगळ्या देवरीला ठाऊक होतं. घरात मला कोणी काही म्हणायचं नाही, पण पाहुणे आले की मला आतल्या खोलीत जावं लागायचं. शाळा हेच माझं बाहेर पडायचं कारण होतं. सर माझ्या लग्नाबद्दल कधी बोलले नाहीत. ते मला नेटवर्कबद्दलच प्रश्न विचारायचे, आणि मला उत्तर आलं नाही तर त्यांना आनंद व्हायचा, कारण मग आम्ही दोघं मिळून पुस्तकात शोधायचो.

*

२००९च्या जूनमध्ये सरांच्या मानेत पुन्हा गाठ आली. ते नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला गेले. पंधरा दिवसांत परततो, असं पाटीवर लिहून गेले.

त्याच पंधरवड्यात लॅबमध्ये व्हायरस शिरला. कोणाच्या तरी पेन ड्राईव्हमधून आला असेल. फोल्डर शेअर केलेले होते, तारेतून तो दहाही मशीनवर पसरला. मशीन मरगळली. मी कंपनीला कळवलं, ते माझं कामच होतं. कंपनीनं गोंदियाहून इंजिनिअर पाठवला, गुलाबचंद. हातात सीडींचा डबा, कपाळावर घाम. त्याला त्याच दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या.

"मॅडम, सब फॉर्मेट करना पडेगा," तो म्हणाला. "नया विंडोज डालूंगा, हेड ऑफिस की सेटिंग के साथ. शेअरिंग बंद, फालतू सर्व्हिस बंद, ॲडमिन पासवर्ड हमारे पास. कुछ स्पेशल सेटिंग है क्या आपकी? है तो बोल दो, लिख के ऊपर भेजता हूं. परमिशन आ जाएगी."

त्याच्या हातात एक छापील फॉर्म होता. त्यात एक रकाना होता, शाळेने केलेले बदल.

मागच्याच महिन्यात बाजूच्या तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंचं कंत्राट थांबवलं होतं. कारण काय, तर मशीनमध्ये विनापरवानगी फेरफार. आम्हा सगळ्यांना तशी चिठ्ठी आली होती. माझं कंत्राट नवं व्हायचं होतं, सही अजून आली नव्हती. त्या रकान्यात 'मेसेंजर सर्व्हिस, दहा मशीन' असं लिहिलं की ती कोणी सुरू केली, कोणाच्या परवानगीनं, हे विचारणार. नाव माझंच येणार.

मी म्हणाले, "नहीं. कुछ नहीं है."

"पक्का?"

"पक्का."

त्यानं रकान्यात रेघ मारली आणि मी खाली सही केली. त्याला चार तास लागले. मी खुर्चीवर बसून पडद्यावरची निळी पट्टी सरकताना पाहत होते. मोह, तेंदू, पळस एकेक पुसली गेली आणि त्यांच्या जागी पीसी-०१, पीसी-०२ आली. तेव्हाही मी म्हणू शकले असते, की भाऊ थांब, एक गोष्ट राहिली. तो चहा प्यायला बाहेर गेला होता तेव्हाही. मी मनाला सांगितलं, सर आले की आपण दोघं मिळून काहीतरी करू.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सर आले. मान काळवंडली होती. मी त्यांना आधी गाठून सांगायचं ठरवलं होतं. पण ते थेट लॅबमध्ये गेले, नववी ब आधीच बसलेली होती, आणि मी हजेरी घेऊन पोचेपर्यंत त्यांनी टाईप करायला सुरुवात केली होती.

टिंग झालं नाही.

त्यांनी पुन्हा टाईप केलं. त्यांच्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली, या नावाचं नेटवर्कवर कोणी सापडत नाही. त्यांनी स्पेलिंग तपासलं आणि केबल हलवून पाहिली. स्विचवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, तारा सगळ्या ठीक होत्या. तिसऱ्यांदा टाईप केलं. चाळीस मुलं पडद्यांकडे बघत होती. एकानंही आवाज केला नाही. आचलसारखीच एक मुलगी तर वाचायला तोंड अर्धं उघडून बसली होती.

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"फॉर्मेट झालं सर," मी म्हणाले. "व्हायरस होता. कंपनीवाल्यानं सगळं बंद केलं. पासवर्ड त्याच्याजवळ आहे."

त्यांनी मान हलवली. उठले, खडू घेतला आणि फळ्याकडे वळले. त्या दिवशीच्या धड्याचा पहिला शब्द, 'सबनेट', एवढं लिहिलं. मग हात खाली आला. ते तसेच फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. नंतर माझ्या हातात खडू दिला आणि बाहेर गेले. त्या दिवशी ते तास संपायच्या आधी घरी गेले, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दोन आठवडे आम्ही काय काय केलं. मला येत होते तेवढे सगळे मार्ग करून पाहिले. ॲडमिनचं खातं उघडेना, सुरुवातीच्या सेटिंगलाही पासवर्ड होता. सरांनी एका फाईलमध्ये लिहून ती सगळ्यांना उघडायला सांगावी म्हटलं, तर शेअरिंगच बंद. मग दहा-दहा मुलांना आपल्या पडद्याभोवती उभं करून ते शिकवायचे. बाकीची तीस व्हरांड्यात. व्हरांड्यात गलका व्हायचा, शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. दहांचा एक गट संपला की सर खुर्चीला टेकून डोळे मिटायचे. गळ्यातली शीळ आता खोलीच्या दारापर्यंत ऐकू येत होती.

मी गुलाबचंदला रोज फोन करायची. कधी उचलायचा नाही, कधी म्हणायचा, "अगली विजिट में."

ऑगस्टमध्ये सरांचं शाळेत येणं थांबलं.

*

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सर समोरच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगावर पुस्तक उघडं होतं. काकूंनी मला स्टूल दिला आणि त्या आत गेल्या. सरांनी पाटी घेतली.

"पासवर्ड?"

"नाही मिळाला सर."

त्यांनी पाटी पुसली. मला तिथंच थांबता आलं असतं. पण ते ज्या तऱ्हेनं पाटी पुसत होते, सावकाश, कोपऱ्यातल्या खुणेपर्यंत, ते बघून माझ्याच्यानं राहवेना.

"सर, त्यानं मला विचारलं होतं. काही ठेवायचं आहे का म्हणून. मी नाही म्हणाले. फॉर्मवर लिहिलं असतं तर परवानगी आली असती. मी भ्याले. कंत्राटाची सही बाकी होती माझी. मीच नाही म्हणाले."

सर माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला तेव्हा समजलं नाही आणि नंतरही नाही. त्यांनी लिहिलं, "नोकरी राहिली?"

"राहिली."

त्यांनी पाटी पुसली. पेन्सिल हातात तशीच धरून खिडकीकडे पाहत बसले. मी उठणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा लिहिलं. अक्षर वाकडं झालं होतं. "सबनेट मास्क राहिला. नववी ब. आकडे मोठे काढ. मागच्यायले दिसत नाही."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही दोघींनी चहा प्यायला, सरांना गिळता येत नव्हतं.

नोव्हेंबरात, धान कापणी चालू असताना, सर गेले. अंत्यविधी त्यांच्या मूळ गावी, चोरखमाऱ्याच्या बाजूला झाला, भाऊबंद तिथंच होते. कापणी टाकून लोक आले होते, काहींच्या हातात विळे तसेच होते. मी बायकांमध्ये मागे उभी होते. शाळेत शोकसभा झाली. हेडसर म्हणाले, दोन मिनिटं शांत राहा. नववी ब इतकी सहज शांत राहिली की मला तिथं उभं राहवलं नाही.

गुलाबचंद डिसेंबरात आला. मी विचारायच्या आत त्यानं पासवर्ड सांगून टाकला, वर म्हणाला, "उसी दिन बोलना था ना मॅडम, किसी को बताना मत बस." कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो गेल्यावर मी एका मशीनवर ती सर्व्हिस सुरू केली. मग बंद केली. मुलांनी पुढं कितीदा विचारलं, मॅडम, ते चौकट येत होती ते करा ना. मला बोलता येत होतं. मी तोंडानं शिकवलं.

२०११मध्ये शाळांना कॉम्प्युटर पुरवायची ती योजना संपली, कंपनी गेली आणि माझं कंत्राटही. मशीनं एका खोलीत कुलूप लावून ठेवली. मी देवरीतच सेतू केंद्रात लागले. दाखले काढायचे, सातबारा छापून द्यायचा, अर्ज भरायचे.

*

२०१५च्या नोव्हेंबरात गोमतीकाकू माझ्या काउंटरवर आल्या. फॅमिली पेन्शनसाठी दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला हवा होता. तो आता मशीनवर अंगठा लावून निघायला लागला होता. केस सगळे पांढरे झालेले, पण पाठ सरळ. हर्षिता कोहमाऱ्याच्या पुढं एका दवाखान्यात नर्स होती, काकू तिच्याकडे राहत. फक्त या कामासाठी त्या देवरीला आल्या होत्या.

"तू इथं बसून राहिली काय आता?"

"हो काकू. बसा."

साईट उघडत नव्हती. गर्दी नव्हती, आम्ही दोघीच. मी त्यांना पाणी दिलं. नातवाचं विचारलं, पायाचं विचारलं. साईट फिरतच होती. आणि सहा वर्षांत जे मी कोणाला बोलले नव्हते ते बोलायला लागले.

"काकू, सरांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांचं ते शिकवणं बंद पडलं ना..."

"मले मालूम आहे," काकू म्हणाल्या.

"नाही, ते कोणामुळे..."

"मालूम आहे म्हनलं ना. तू रविवारी आली होती. मी आत चहा मांडत होती. मंधात पडदाच तं होता. सप्पा आयकलं मी."

मी विचारलं, "मग तेव्हा मला काही बोलल्या काऊन नाही?"

"काय बोलू? ते समोर बसले होते. तुले शाळेच्या गोष्टी सांगाले बसले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा शाळेसाठी पाटी हातात घेतली होती त्यायनं." काकूंनी ग्लास खाली ठेवला. "तू गेल्यावर मी म्हनली, असी पोरगी घरात कायले येऊ देता. तं त्यायनं पाटीच उलटी करून ठेवली. बोलनं बंद. दोन दिवस मले काही लिहून देल्लं नाही."

"काकू, मी..."

"लय राग होता मले तुहा. खोटं कायले बोलू. आताही आहे थोडासा. तुले पाहून आला." त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. "उघडलं वाटते ते. घे अंगठा. मले अडीचची बस आहे."

मी मशीन त्यांच्या पुढं सरकवलं. पहिल्यांदा अंगठा लागला नाही, कामानं रेघा झिजल्या होत्या. मी माझ्या ओढणीनं त्यांचा अंगठा पुसला. त्यांनी पुसू दिला. दुसऱ्यांदाही लागला नाही. मग त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट लावलं आणि मशीनचा लाल दिवा हिरवा झाला.

छापलेला कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला.

"पुढच्या सालीही इथंच असशील?" त्यांनी विचारलं.

"असेन बहुतेक."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि बस स्टँडकडे निघाल्या.